कोल्ह्याची भाकर आणि मामांची कुसळी

नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी यंदा हळदीकुंकवाला मी चार वर्षांनी हजर होते. आईनं वाण म्हणून स्टीलच्या चहागाळण्या आणल्या होत्या. त्या वाटता वाटता शेजारच्या काकूंनी मला धरलं. "तिकडं तू नेमकं काय करून राहिली गं? आई तर सांगते, जंगल मोजते म्हणून."

म्हटलं, "मोजत नाही काकू. कुठं कोणत्या प्रकारचं जंगल आहे, त्याचा नकाशा करतो आम्ही."

"त्यात काय एवढं? सॅटेलाइटनं वरून दिसतेच ना आजकाल सगळं."

तेवढ्यात पुढच्या बायका आल्या आणि उत्तर राहूनच गेलं. काकू हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून आज इथंच देते.

मी राहते ते योएन्सू हे गाव फिनलंडच्या पूर्वेला आहे, आपल्या उमरेडहून थोडंसं मोठं. या देशाच्या जमिनीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सैबेरिया असा जो सूचिपर्णी जंगलाचा पट्टा पृथ्वीच्या डोक्याला फेट्यासारखा गुंडाळलाय, त्यातलाच हा एक तुकडा. याला बोरियल जंगल म्हणतात, रशियाकडं तैगा. जगातल्या एकूण जंगलापैकी पावाहून थोडं जास्त जंगल या एका पट्ट्यात आहे.

पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात हसले होते. झाडं किती, तर मुख्य तीन: पाइन, स्प्रूस आणि बर्च. पेंचमधल्या एखाद्या नाल्याच्या काठानं दहा मिनिटं चाललात तरी याच्या चौपट झाडं मोजून होतात. वाटलं, तीन झाडं, तीन रंग, ऑगस्टपर्यंत नकाशा तयार.

मग माझी वरिष्ठ सहकारी मला रानात घेऊन गेली. निवृत्तीला आलेली बाई, दिवसाला मोजून वीसेक वाक्यं बोलते. तिनं एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर टाकली आणि म्हणाली, "बस." गुडघे टेकून बसले. पँटमधून गारवा वर यायला लागला, तोंडावरच्या जाळीवर डास बसले. "तुझा तळवा म्हणजे साधारण एक टक्का," ती म्हणाली. म्हणजे दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर. आता सांग, या चौकटीत ब्लूबेरी किती तळवे, शेवाळ किती तळवे, उघडी जमीन किती. झाडांकडं तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

इथं जंगलाचा प्रकार झाडावरून ठरत नाही, हे मला तिथं कळलं. तो ठरतो पायाखाली काय उगवलंय त्यावरून. ही पद्धत कायान्देर नावाच्या फिन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1909 मध्ये मांडली. त्याचं म्हणणं असं: झाड माणूस लावतो, तोडतो, बदलतो. पाइन वाळूतही येतो आणि चांगल्या जमिनीतही येतो. पण जुन्या, न छेडलेल्या रानाच्या तळाशी जी झुडपं आणि शेवाळं ठरून येतात, ती त्या जागेचा कस सांगतात. म्हणून जंगलाला नाव तळाच्या वनस्पतीचं द्यायचं. भारी जमिनीवर ऑक्झॅलिस आणि ब्लूबेरीचा प्रकार, त्याहून हलकीवर नुसता ब्लूबेरीचा, त्याखाली लिंगनबेरीचा, मग हेदरचा आणि अगदी बरड वाळूवर पांढऱ्या दगडफुलाचा. दगडफूल म्हणजे गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचंच भाऊबंद. इथं ते रेनडिअर खातात.

(हा कायान्देर पुढं तीनदा फिनलंडचा पंतप्रधान झाला. 1939 मध्ये रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा पंतप्रधान तोच होता. सैन्याला पुरेसे गणवेश नव्हते, कित्येक सैनिक घरच्याच कपड्यांवर कमरेला पट्टा आणि टोपीला बिल्ला लावून लढायला गेले. त्या पोशाखाला लोक अजून "कायान्देर मॉडेल" म्हणतात. जंगलाच्या शास्त्रात अमर आणि राजकारणात टोमणा, असा माणूस.)

त्या भारी जमिनीवरच्या ऑक्झॅलिसला फिन भाषेत केतुनलेइपा म्हणतात. केत्तू म्हणजे कोल्हा, लेइपा म्हणजे भाकर. कोल्ह्याची भाकर! तीन पानांची नाजूक, फिकट हिरवी वनस्पती, स्प्रूसच्या अंधारात चादरीसारखी पसरलेली. मी एक पान तोडून तोंडात टाकलं आणि एकदम आमच्या अंगणात पोचले. तीच आंबट चव. आपली आंबुशी हो! तुळशीच्या कुंडीतून आई रोज उपटते, ती. जात निराळी, कूळ तेच. सहकारी बाईला सांगितलं की आम्ही लहानपणी शाळेतून येताना ही खायचो. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग तुम्ही कोल्हे." तिचा तो त्या दिवसातला एकमेव विनोद.

आणखी एक दाखवल्याशिवाय पुढं जाववत नाही. इथं एक शेवाळ आहे, त्याच्या फिन नावाचा अर्थ रानातलं मजल्यांचं शेवाळ. ते दरवर्षी मागच्या वर्षीच्या पात्याच्या पाठीतून एक नवं पातं काढतं, जिन्याच्या पायरीसारखं. चिमटीत धरून हळूच वर उचललं की पायऱ्या मोजता येतात: हे यंदाचं, हे गेल्या वर्षीचं, हे त्याच्या आधीचं. खालच्या पायऱ्या तपकिरी होत मातीत विरून गेलेल्या. पहिल्यांदा मोजलं तेव्हा चौथ्या पायरीवर आले आणि लक्षात आलं, हे पातं फुटलं तेव्हा मी धरमपेठेत खोलीवर एमएस्सीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. त्याच्या शेजारी दुसरं एक शेवाळ असतं, त्याचं नाव भिंतीचं शेवाळ. लाकडी ओंडक्यांच्या घरांच्या फटी पूर्वी त्यानं बुजवायचे.

तर काकू, सॅटेलाइटकडं येते.

सॅटेलाइट वरून बघतो. त्याला झाडांचे शेंडे दिसतात. युरोपच्या सेंटिनेल-2 चा सगळ्यात बारीक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटरचा. तेवढ्यात स्प्रूसचे कितीतरी शेंडे, मधला एखादा बर्च आणि या सगळ्यांच्या सावल्या एकत्र घुसळून एकच आकडा येतो. उत्तरेला सूर्य कायम तिरका, त्यामुळं सावल्या लांबलचक. सूचिपर्णी झाडं अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात काळपट दिसतात आणि बर्चसारखी रुंद पानांची उजळ, त्यामुळं तेवढा फरक कळतो. पण ज्याच्यावरून जंगलाचं नाव ठेवायचं ती कोल्ह्याची भाकर तर शेंड्यांच्या खाली वीस मीटरवर अंधारात बसलीय. वर्गीकरण तळाचं आणि डोळा वरचा. या दोघांची गाठ घालून देणं, एवढंच आमचं काम. शेकडो ठिकाणी गुडघे टेकून तळ नोंदवायचा, त्याच जागांचे वरचे आकडे घ्यायचे, संगणकाला सांगायचं की असे आकडे असतात तेव्हा तळ असा असतो, आणि मग न पाहिलेल्या रानाबद्दल त्याला अंदाज करायला लावायचं. फिनलंडनं अख्ख्या देशाच्या जंगलाची पहिली मोजणी 1921 ते 24 मध्ये केली, तेव्हा माणसं सरळ रेषा आखून देशभर चालत गेली होती. दलदलीतून, तळी ओलांडून. आता रेषा गेल्या, चालणं राहिलंच.

पहिल्या मोसमात मी माती खाल्ली ती इथंच. एका तळ्याकाठचा मोठा तुकडा माझ्या नकाशावर झगझगीत उजळ आला. मी खुशीत त्याला "भारी जमीन, बर्चमिश्रित" असा शिक्का मारला. असे आणखी चाळीसेक चौकोन खुर्चीत बसूनच ठरवून टाकले आणि संगणकाला शिकवून मोकळी झाले. सहकारी बाईनं स्क्रीनकडं पाहिलं, काही बोलली नाही, गाडीची किल्ली उचलली. तासाभरानं आम्ही तिथं पोचलो. समोर झाडच नाही! पाच-सहा वर्षांपूर्वी साफ तोड झालेली. खांद्याएवढी बर्चची रोपं, रासबेरीची जाळी, गुलाबी तुऱ्यांचं फायरवीड, गवत. उन्हात सगळं नुसतं हिरवंगार, आणि वरून बघणाऱ्याला ते श्रीमंत वाटणारच. ती एका खुंटाशी वाकली, गवत बाजूला केलं. खुंटाच्या सावलीला ब्लूबेरीची दोन-चार झुडपं जीव धरून होती, उन्हानं लालसर पडलेली. "ब्लूबेरीचा प्रकार," ती म्हणाली. "जागा तीच आहे. कपडे बदललेत."

म्हणजे तोड झाली म्हणून जागेचा प्रकार बदलत नाही. आपल्याला दिसतं ते बदलतं. ते चाळीस चौकोन मी काढून टाकले, आणि त्यानंतर कुठलाही शिक्का मारण्याआधी त्या जागेची जुनी छायाचित्रं उलगडून बघते. अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह 1972 पासून फोटो घेतोय आणि 2008 पासून ते सगळ्यांना फुकट मिळतात, त्यामुळं तोड कधी झाली ते वर्षागणिक सापडतं. दलदलीत चर खणून वाढवलेला पाइन आणि वाळूवरचा पाइन वरून जुळे भाऊ दिसतात. तिथं विमानातून केलेलं लेझर मोजमाप कामी येतं, झाडांखालच्या चरांच्या रेघा त्यात उघड्या पडतात.

मी सुट्टीला जानेवारीत येते कारण तिकडं तेव्हा दिवस पाचेक तासांचा आणि तळ बर्फाखाली. रानातलं काम शून्य. यंदा फेब्रुवारीच्या मध्याला देवलापारला मामांकडं गेले. मामा वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेत. मनसरला चहा घेतला आणि पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूला साग सुरू झाला. अर्धा वाळलेला, खाली पापडासारखी पानं.

आपल्या जंगलांचं वर्गीकरण मी कॉलेजात पाठ केलं होतं. चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांचं, 1968, सोळा मोठे गट, त्यात हा आमचा पाचवा: शुष्क पानझडी. अमरावती रोडवरच्या मृदा सर्वेक्षणाच्या पाटीसमोरून रोज बस जायची. रिमोट सेन्सिंगची सरकारी केंद्रं नागपुरातच. तरी रान कसं वाचायचं ते मला इथं कोणी शिकवलं नाही, असं मी गाडीत जरा ऐटीत बोलून गेले.

मामांनी गाडी बाजूला घेतली. "उतर."

उतरले. मामा बांधाशी उकिडवे बसले आणि वाळकं गवत मुठीत धरलं. "हे काय हाय?"

"गवत."

"कोणतं गवत? हे कुसळी. पायजम्याले टोचते ते. कुसळी माजली म्हंजे समज, जमीन खरचटली, ढोरं लई चरली नाही त आग लागून राहिली वरचेवर. तिकडं पल्याड पवन्या गवत दिसते का? तिथं जमीन अजून चांगली हाय." मग बोट टेकडीकडं. "वरते सालई दिसली का खाली दगड. नाल्याकडं ऐन दाटला का चिकन माती. साग चिकन मातीत रमत नाही. झाड त सगळेच पाह्यते, पोरी. मान खाली घालाव."

मी कायान्देरची गोष्ट सांगितली. पंतप्रधान झाला हे ऐकून मामांना फार बरं वाटलं. "फॉरेस्टवाला? तीन खेपा?"

एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी सापडली: तारीख. तिकडं मे महिन्यात बर्चला कोवळं पान फुटतं, त्याला लोक उंदराचा कान म्हणतात. त्याच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले की बर्च आणि स्प्रूस आपोआप वेगळे होतात. आपल्याकडं नोव्हेंबरच्या फोटोत सगळंच हिरवं. एप्रिलमध्ये साग उघडा पडतो आणि पाण्याकाठचं जांभूळ, करंज वगैरे तेवढं हिरवं उरतं. पळस तर दोन-तीन आठवडे स्वतःच स्वतःचं नाव सांगतो. एका तारखेच्या फोटोवर जंगलाचा नकाशा करणं म्हणजे लग्नातल्या एका फोटोवरून घरचं रोजचं जेवण ओळखणं.

रात्री मामांनी फोनवर नकाशा उघडला आणि त्यांची जुनी बीट, म्हणजे राखणीला दिलेला जंगलाचा तुकडा, शोधून काढली. बोटांनी मोठं करत म्हणाले, "पाय, हे सगळं एकसारखंच हिरवं दाखवून राह्यलं. हे इतलं रोपवन हाय, मीच खड्डे खोदून घेतले होते. अन् हे बाजूचं असल रान. याले काही समजत नाही."

मग म्हणाले, तुझा तो चुकलेला चौकोन दाखव. तळं शोधलं, काठ शोधला, तोडीचा चौकोनी डाग सापडला. मामा चष्मा कपाळावर नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"इथं गवत कोणतं येते?"

लॅपटॉप उघडला. त्या दिवशीची नोंद काढली. खुंटाजवळची चौकट, ब्लूबेरी 3, रासबेरी 20, फायरवीड 30 आणि शेवटच्या ओळीत माझ्याच अक्षरात: गवतं, 15.

"गवतं," मामांनी वाचलं आणि फोन परत दिला.