अँबॉय : एका मालकाचं गाव

कॅलिफोर्नियातलं ट्वेंटीनाइन पाम्स गाव सोडलं की रस्ता शीपहोल डोंगराची खिंड चढतो आणि पलीकडे ब्रिस्टॉलचं कोरडं सरोवर दिसतं. पाणी औषधालाही नाही. रस्त्याच्या कडेने लांबच लांब चर खणलेत. त्यांत खारं पाणी झिरपतं, उन्हाने आटतं आणि त्यातून कॅल्शियम क्लोराइड मिळतं.

सरोवर ओलांडलं की अँबॉय. कॅलिफोर्नियाच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) या वस्तीला नगरपालिका नाही, महापौर नाही. जो काही कारभार आहे तो काउंटीचा. गाव जन्मलं तेच रेल्वेसाठी, १८८३ साली. मोहावी वाळवंटात ओळीने थांबे हवे होते. लुईस किंगमन नावाच्या अभियंत्याने मुळाक्षरं घेतली आणि नावं ठेवून टाकली : अँबॉय, ब्रिस्टॉल, कॅडिझ, डॅनबी. ग्रामदैवत नाही, पाणवठा नाही, तरी गाव! आज मालगाड्या न थांबता निघून जातात.

बरे दिवस आले ते गावातून जाणाऱ्या रूट ६६ या शिकागो ते लॉस एंजेलिस महामार्गामुळे. १९३८ मध्ये रॉय क्रोलने इथे पेट्रोलपंप काढला. पुढे जावई बस्टर बरिसच्या हाताखाली गॅरेज, कॅफे, मोटेल असा पसारा वाढला. ‘रॉइज’ नावाच्या या पसाऱ्याची ती प्रसिद्ध, आभाळाला भिडलेली पाटी १९५९ ची. मग १९७३ मध्ये उत्तरेकडून इंटरस्टेट ४० हा नवा महामार्ग सुरू झाला आणि गिऱ्हाईकच तिकडे वळलं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढचं. २००५ मध्ये अल्बर्ट ओकुरा या चिकन रेस्टॉरंटवाल्याने सव्वाचार लाख डॉलरना अख्खं गाव विकत घेतलं. लॉस एंजेलिसच्या आसपास एवढ्यात धड घर मिळत नाही. कोकणातल्या खोतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला ‘गावाचा मालक’ म्हटलं की आधी धास्तीच वाटते. पण इथे जिच्याकडून सारा वसूल करावा अशी रयतच उरलेली नाही. ओकुरा २०२३ मध्ये गेले. पंप मात्र चालू आहे. पेट्रोल महाग आहे, कुरकुर न करता भरा.

गावाच्या पश्चिमेला अँबॉय क्रेटर, सुमारे ७५ मीटर उंचीचा ज्वालामुखीचा शंकू. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच, बेसॉल्ट. पण आपल्याकडे लाव्हा भेगांतून वाहून थरावर थर चढले. इथे तोंड असलेला, चित्रातल्यासारखा ज्वालामुखी चढता येतो. पश्चिमेकडून कडा फुटलेली आहे, पायवाट तिथूनच आत शिरते. सावली कुठेच नाही, तेव्हा हिवाळ्यातच जा, आणि पाणी घरूनच न्या.