हळदपट्टी आणि उकळलेला सोडा : तिसऱ्या आठवड्याची नोंद

घरगुती रंगांनी आम्ल आणि आम्लारी ओळखण्याच्या माझ्या प्रयोगांत मागील दोन आठवडे लिंबू, चिंच आणि ताक या आम्लांतच गेले. या आठवड्यात मात्र सगळे लक्ष आम्लारींकडे दिले. त्यासाठी हळदपट्ट्या नव्याने केल्या. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून एक चमचा हळद 50 मिलि सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून गाळली, त्यात टीपकागद बुडवला आणि सावलीत वाळवला. (स्पिरिट चटकन पेट घेते, हे काम शेगडीपासून दूरच करावे.)

चुन्याच्या निवळीत पट्टी क्षणात तांबडी झाली. नवदांपत्याला ओवाळताना आपल्याकडे हळद-चुन्याचे लाल पाणी करतात, त्यामागे हीच क्रिया आहे. खाण्याच्या सोड्याने मात्र निराशा केली. पेलाभर पाण्यात चमचाभर सोडा विरघळवूनही पट्टी जेमतेम नारिंगी झाली. या द्रावणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचे माप) सुमारे 8.3 असतो आणि हळदीचा रंग साधारण 7.4 ते 8.6 या टप्प्यात बदलतो, त्यामुळे तो बदल अर्ध्यावरच थांबलेला दिसतो.

तेच द्रावण स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटे उकळले, आटलेले पाणी आरओच्या पाण्याने पुन्हा पहिल्या खुणेपर्यंत भरून काढले आणि निवल्यावर नवी पट्टी बुडवली, तर ती स्पष्ट लाल झाली. उष्णतेने खाण्याच्या सोड्यातील, म्हणजे बायकार्बोनेटमधील, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, काही सोड्याचा धुण्याचा सोडा बनतो आणि सामू वाढतो. बाहेरून काहीही न मिसळता एक पदार्थ दुसरा होताना दिसतो, म्हणून आजवरच्या प्रयोगांत मला हाच सर्वांत देखणा वाटला.

मग जुळे सोलापुरातील आमच्या बोअरच्या पाण्याकडे वळलो. काळ्या बेसॉल्ट खडकातून येणारे हे पाणी जड (क्षार जास्त असलेले) असते आणि त्यातही बायकार्बोनेट असतेच. येथे हळद फारसे काही सांगत नाही, म्हणून गोकर्णीच्या फुलांचा निळा अर्क वापरला. न उकळलेल्या पाण्यात तो निळाच राहिला. उकळून निववलेल्या पाण्यात त्याला हिरवट झाक आली, म्हणजे येथेही सामू वाढला होता. फरक इतका सूक्ष्म आहे की दोन्ही पेले पांढऱ्या कागदावर शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय तो कळत नाही, त्यामुळे मी तो तीन वेळा पडताळला. पातेल्याच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळताच तो फसफसला; तो कॅल्शियम कार्बोनेटचा थर होता.

नळाला उजनीचे पाणी आले की त्याचेही असेच दोन पेले भरून ठेवायचे आहेत.