लंगोट इंग्लंडात, नॅपी नाशकात

बाळंतपणासाठी लेकीकडे इंग्लंडला निघालेल्या नाशिककर आजीच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी दोन-तीन डझन बंदांचे लंगोट हमखास असतात. आणू नयेत असं अजिबात नाही. पण इथे आल्यावर पहिल्याच दिवशी अडतं ते मोरीपाशी. इथल्या घरांत मोरीच नसते. न्हाणीघराची जमीन कोरडी ठेवायची, खाली पाणी जायला जाळी नाही, धुण्याचा दगड तर दूरच. आपल्या पद्धतीत दर शूला लंगोट भिजतो, त्याबरोबर दुपटं आणि बऱ्याचदा खालची गोधडीही. हे सगळं लगेच खळबळून वाळत टाकायची सोय नसेल तर पद्धतच बदलावी लागते. ती बदललेली पद्धत, म्हणजे कापडी नॅपी (धुऊन परत वापरायचा बाळाचा लंगोट), इथे चांगली रुळलेली आहे आणि त्यातलं बरंचसं नाशकातही कामाला येतं.

भिजणारं कापड वेगळं, पाणी अडवणारं कव्हर वेगळं, यावर सगळी मांडणी उभी आहे. आपला बंदांचा लंगोट एकेरी किंवा दुहेरी असतो. तो शू टिपतो, पण धरून ठेवत नाही. मग आपण बाळाखाली मेणकापड घालतो, म्हणजे पाणी गादीपाशी अडवतो. इथे ते बाळाच्या कमरेपाशीच अडवतात. आत चार-सहा पदरी सुती कापड आणि वर पातळ, इलॅस्टिकचं, बटणांचं कव्हर. या कव्हराला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, त्याला पीयूएल म्हणतात. आतलं कापड दर वेळी बदलायचं. कव्हर नुसतं ओलसर असेल तर पुसून वाऱ्यावर ठेवायचं आणि दोन कव्हरं आलटून-पालटून वापरायची; शी लागली तरच धुवायला टाकायचं. म्हणून कापडं पंचवीस-तीस लागली तरी कव्हरं पाच-सहा पुरतात.

दुकानात गेलं की प्रकार बघून डोकं गरगरतं. सगळं एकत्र शिवलेली ऑल-इन-वन नॅपी, आत पॅड सरकवायची पॉकेट नॅपी, बाळाच्या आकाराला शिवलेली फिटेड नॅपी, आणि साधे चौकोन. नवजात बाळासाठी आम्ही साध्या चौकोनाच्या बाजूचे. तो सगळ्यात स्वस्त, लवकर वाळणारा आणि बाळाच्या मापाला घडी घालून बसवता येणारा. 'जन्मापासून पॉटीपर्यंत' असं लिहिलेल्या एकाच मापाच्या नॅप्या अडीच-तीन किलोच्या बाळाला मांडीपाशी सैल बसतात आणि तिथूनच गळतात. आपली बाळं बहुतेक याच वजनाची असतात, त्यामुळे पहिले दोन महिने चौकोन आणि छोट्या मापाची कव्हरं घ्यावीत. एका मापाच्या नॅप्या बाळ चार किलोंच्या पुढे गेलं की काढाव्यात.

चौकोन दोन तऱ्हांचे मिळतात. टेरीचा, म्हणजे टॉवेलच्या कापडाचा, साधारण ६० सेंमीचा. आणि मलमलीचा, ७० सेंमीचा. पहिल्या महिन्यात टेरीचं बोचकं होतं, मलमल बरी. आजींनी आणायचंच असेल तर बंदांच्या लंगोटांपेक्षा मलमल आणावी. नाशकात मेन रोडच्या कापडदुकानांतून घ्या किंवा घरातली वापरून मऊ झालेली सुती नऊवारी कापा. सुमारे आठ मीटर लांब आणि ११० सेंमी पन्ह्याच्या नऊवारीतून ७० सेंमीचे अकरा चौकोन निघतात. बाजूला उरणाऱ्या ४० सेंमीच्या पट्टीचे तुकडे तीन पदरी दुमडले की आत घालायचे पॅड तयार. कडा शिवून घ्या, नाहीतर मशीनमध्ये दोऱ्यांचं जाळं होतं. बंदांचे लंगोट आणलेच असतील तर तेही घडी करून पॅड म्हणून घालता येतात, फक्त बंद कापून टाका.

आता घडी. चौकोन खालून वर दुमडा, मग डावीकडून उजवीकडे. चार पदरी छोटा चौकोन होतो आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात चार सुटी टोकं येतात. सगळ्यात वरचं एक टोक धरून डावीकडे ओढा, पदर आपोआप उघडून वर रुंद, खाली निमुळता त्रिकोण बनतो. आता सगळं उलटं करा, म्हणजे त्रिकोण खाली जाईल आणि उरलेला चौकोन डाव्या हाताला येईल. त्या चौकोनाची बाहेरची उभी कड घड्या घालत त्रिकोणाच्या मध्यरेषेपर्यंत आणा. झाली मधली जाड पट्टी. रुंद बाजू बाळाच्या कमरेखाली ठेवायची, पट्टी दोन पायांमधून पोटावर घ्यायची, त्रिकोणाचे दोन्ही पंख वर आणून अडकवायचे. मुलगा असेल तर पट्टीचं वरचं टोक पुढे परत दुमडून तिथे जाडी वाढवा आणि शिश्न खालच्या दिशेला ठेवा. वर राहिलं की शू थेट कमरपट्ट्यातून बाहेर येते. अडकवायला इथे सेफ्टी पिन जवळजवळ कुणी वापरत नाही. टी आकाराचा रबरी चिमटा मिळतो, त्याच्या तिन्ही टोकांना बारीक दात असतात आणि ते कापडात रुततात. मलमलीवर आणि टेरीवर तो छान धरतो, गुळगुळीत कापडावर घसरतो.

नाळ पडेपर्यंत पुढची कड नाळेच्या खाली दुमडून ठेवायची, म्हणजे ती जागा कोरडी राहते. कव्हर चढवल्यावर तीन गोष्टी बघायच्या: कमरेत दोन बोटं सहज जातात का, मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलंय का, आणि आतलं सुती कापड कुठूनही बाहेर डोकावत नाही ना. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. बोटभर मलमल कव्हराबाहेर राहिली तरी तिथून ओल शोषली जाऊन झबलं भिजतं आणि बिचाऱ्या कव्हराला बोल लागतो. कापडी नॅपीमुळे पाय थोडे फाकलेले राहतात याची काळजी करू नका. गुडघे वर आणि बाहेर, ही स्थिती खुब्यांसाठी चांगलीच. पाय सरळ करून दुपट्यात आवळून बांधणं मात्र टाळावं.

पहिल्या एक-दोन दिवसांतली शी काळी, डांबरासारखी चिकट असते. ती मलमलीवरून निघता निघत नाही, तेव्हा आत फ्लीसची (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाची) किंवा जुन्या मऊ साडीची पट्टी घाला. शू किती झाली हे इथल्या दाया घरी येऊन विचारतात. पहिल्या ४८ तासांत दोन-तीन ओल्या नॅप्या, आणि पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा चांगल्या जड, असा त्यांचा हिशोब असतो. 'जड' म्हणजे किती, हे कळायला कोरड्या नॅपीवर दोन ते चार मोठे चमचे पाणी ओतून हातात धरून बघायला सांगतात. डायपरमध्ये हे हाताला नीट कळत नाही, कापडात लगेच कळतं. या दिवसांत बदलायच्या नॅप्या दिवसाला दहा-बारा धरा आणि दोन-तीन तासांच्या वर एक नॅपी ठेवू नका. शी झाली तर लगेच बदला.

धुण्याचं गणित मात्र नीट समजून घ्यावं लागतं, कारण कापडी नॅप्या सोडून देणारे बहुतेक लोक इथेच कंटाळतात. वापरलेली नॅपी पाण्यात भिजत घालायची नाही. झाकणाच्या कोरड्या बादलीत, जाळीच्या पिशवीत टाकायची. भिजत ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कुजकट वास मारतं, इलॅस्टिक सैल पडतं, आणि घरात रांगतं-चालतं मोठं भावंड असेल तर पाण्याची बादली धोक्याचीच. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती तशीच मशीनमध्ये गेली तरी चालते. वरचं खाणं सुरू झालं की आधी संडासात झटकायची. दर दोन दिवसांनी मशीन लावायचं, तीनच्या पुढे ढकलायचं नाही. आधी गार पाण्यात एक छोटी फेरी, म्हणजे शू निघून जाते. मग सुती कपड्यांचा लांब प्रोग्रॅम, पावडर पूर्ण मापाने. तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ६० अंश, पुढे ४० चालतं. कव्हरांना किती तापमान चालतं ते लेबलवर बघा. ड्रम पाऊण भरलेला असावा. अगदी कमी कापडं असली तर ती एकमेकांवर घासली जात नाहीत, खच्चून भरली तर पाणी पोचत नाही.

बाळाची कापडं म्हणून चिमूटभर पावडर घालायची, ही माया इथे उलटते. मळ निघत नाही, शूचा अंश राहतो, आणि नंतर ओली नॅपी हातात घेतली की अमोनियाने डोळे चुरचुरतात. कपडे मऊ करणारं कंडिशनर पूर्ण बंद. त्याचा थर धाग्यावर बसला की कापड पाणी पिईनासं होतं. जंतुनाशकाच्या पाण्यात खळबळायची आपली सवयही सोडलेली बरी, त्याचा अंश कापडात राहून कातडीला लागतो. बांबू किंवा हेम्पची (भांगेच्या झाडाच्या धाग्याची) पॅडं नवी कोरी घातली तर टिपतच नाहीत. ती नीट टिपायला लागायला चार-पाच धुणी लागतात. ती धुणी बाळ यायच्या आधीच उरकून घ्या.

गळती झाली तर आतलं कापड हातात घ्या. चिंब असेल तर पदर कमी पडले किंवा बदलायला उशीर झाला. अर्धं कोरडं असेल तर एकतर कव्हर नीट बसलेलं नाही, नाहीतर कापडावर तेलकट थर आहे. कोरड्या कापडावर चमचाभर पाणी टाका. थेंब वर तरंगत राहिले तर थरच आहे. नाशकात याचं कारण बहुतेक वेळा मालिश. मालिशवाल्या मावशी तेल जिरवून, न्हाऊ घालून बाळ हातात देतात आणि मांडीवरचं उरलेलं तेल नॅपीत उतरतं. मालिशनंतरच्या तासाभरासाठी जुने लंगोट वेगळे ठेवा, ते नॅप्यांबरोबर धुऊ नका. झिंकच्या मलमाचंही तेच: मलम लावलं तर आत पट्टी घाला. थर बसलेली कापडं ६० अंशांवर भरपूर पावडरमध्ये धुऊन, फेस येईनासा होईपर्यंत नुसत्या पाण्यात काढली की बहुतेक वेळा ठीक होतात. जांघेत लाल चट्टे आणि त्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

नाशकात पाण्याचाही प्रश्न आहे. नळाच्या पाण्याने फारसं अडत नाही, पण बोअरच्या पाण्याला फेस येत नाही आणि वडीचा साबण त्यात पांढरा चोथा सोडतो. तो चोथा कापडात बसला की मलमल पापडासारखी कडक होते. बोअर असेल तर वडी नको, मशीनची पावडर वापरा आणि थोडी जास्त घाला. जमल्यास शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. इंग्लंडमध्येही लंडनकडे पाणी जड, म्हणजे सहज फेस न येणारं, आणि मँचेस्टरकडे हलकं, त्यामुळे पावडरच्या खोक्यावरच पाण्याप्रमाणे वेगवेगळी मापं छापलेली असतात.

वाळवण्यात मात्र नाशिक इंग्लंडच्या कितीतरी पुढे. इथे डिसेंबरात जेमतेम आठ तास उजेड असतो. कापडं घरात स्टँडवर, हवेतली ओल ओढणारं यंत्र लावून वाळवावी लागतात. नाशकात एप्रिलच्या उन्हात मलमल तासाभरात कडकडीत, आणि पिवळे डागही उन्हानेच जातात. कव्हरं मात्र सावलीतच, त्या उन्हात त्यांचा थर तडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाड बांबूची पॅडं दोन-दोन दिवस दमट राहतात. त्या महिन्यांसाठी एकपदरी उघडणारी मलमल सोडून दुसरं काही घेऊ नका: रात्री पंख्याखाली दोरीवर टाकली की सकाळी वाळते, राहिलीच ओलसर तर इस्त्री. शेगडीवर आणि धुरीवर वाळवणं नको, धूर बाळाच्या छातीत जातो.

पैशांचं बोलायचं तर इथे लंडनच्या काही भागांत 'रिअल नॅपीज फॉर लंडन' या योजनेतून कापडी नॅप्यांसाठी व्हाउचर मिळतं. बऱ्याच गावांत नॅपी लायब्ररी असते, तिथून प्रकार भाड्याने नेऊन बघता येतात. पर्यावरणाचा हिशोब मात्र धुण्यावर ठरतो. २००८च्या सरकारी अभ्यासात नेहमीच्या वापरात डायपर आणि कापडी नॅपी जवळपास सारख्याच ठरल्या होत्या. २०२३च्या अभ्यासात कापडी नॅप्यांचं कार्बन उत्सर्जन सुमारे २५ टक्के कमी निघालं. ड्रायर वापरला की हा फायदा घटतो, दोरीवर वाळवलं आणि तीच कापडं धाकट्या भावंडाला वापरली की वाढतो. नाशकातल्या गच्चीला ड्रायर कशाला लागतोय!

रात्री किंवा प्रवासात डायपर घातला तर काही बिघडत नाही, सगळीकडे कापडच हवं हा हट्ट बाळंतिणीच्या झोपेवर उठतो. फक्त तो आधी शी संडासात टाकून, कागदात गुंडाळून, घंटागाडीत ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्या.