तुम्ही विचारलंत म्हणून : एमजीत अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन का?

"एवढे पैसे घातलेत, मग ओरिजिनल इंजिनची का नाही घेतलीत?" माझ्या एमजी टीडीचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, बॉनेट उघडलं की हा प्रश्न येतोच. नाना पेठेत पार्ट देणारा विचारतो, सोसायटीतले विचारतात, माझे सासरे दर भेटीत विचारतात.

ओरिजिनल इंजिनची परवडत नव्हती, हे पहिलं उत्तर. पण ते पुरत नाही, मलाही.

१९५१ ची गाडी. मूळ इंजिन १२५० सीसीचं एक्सपीएजी. त्याचे आटे मेट्रिक, पण बोल्टच्या डोक्याला पाना व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा लागतो. आधीच्या मालकांनी १९७४ साली खंबाटकी घाटात तापलेल्या रेडिएटरमध्ये गार पाणी ओतलं आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव सांगाड्याला, तडा गेला. दुसरा ब्लॉक तेव्हा पुण्यात मिळणार कुठून? त्यांनी अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं बसवलं. एमजीचीच पुढची गाडी, १९५५ ची एमजीए, आली ती याच बी-सिरीज घराण्यातलं इंजिन घेऊन. म्हणजे परकं नाही ते. हे मी सगळ्यांना ऐकवतो. मात्र जोड-कार्ब्युरेटर गेले, आणि दिवे घाट चढताना टॅक्सीचा आवाज येतो, हेही तितकंच खरं.

खरं दुखणं वेगळं आहे. व्यवहार झाला त्या दिवशी एरंडवण्यातल्या बंगल्यात काकूंनी, म्हणजे त्या मालकांच्या पत्नीने, मला जिन्याखाली नेलं. गोणपाट बाजूला केलं. जुना ब्लॉक होता, बिडाचा, गंजाने तांबूस झालेला. बाजूला अष्टकोनी पितळी पट्टी, तिच्यावर नंबर. "ह्यांनी टाकू दिला नाही कधी. तुम्ही न्या." मी वाकून तड्यावरून बोट फिरवलं, नख अडकलं. म्हणालो, "राहू द्या काकू, फ्लॅटमध्ये ठेवू कुठे?" त्या काही बोलल्या नाहीत. गोणपाट परत नीट घातलं.

दोन महिन्यांनी एका वयस्कर फिटरने सांगितलं, बिडाच्या तड्याला टाके घालता येतात. मी तिथूनच फोन केला. बंगला रिडेव्हलपमेंटला गेला होता, ब्लॉक भंगारात. दोन रविवार जुन्या बाजारात फिरलो. मग काकूंच्या नव्या घरी गेलो. त्यांनी कुंकवाच्या रिकाम्या डबीतून ती पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. "नंबर होता म्हणून काढून घेतली," एवढंच म्हणाल्या.

तेव्हाचा मी म्हणतो, तडकलेलं चाळीस-पन्नास किलोचं लोखंड कोण घरात ठेवतं? बरोबर आहे त्याचं. पण ज्या माणसाने ते चार दशकं जिन्याखाली जपलं, त्याला काय उत्तर देऊ?

२०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात धरत नाहीत. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पट्टी हातात घेतली की वाटतं.

मुंबईहून एका एक्सपीएजीचा निरोप आलाय. ब्लॉक शाबूत आहे म्हणे. फिटर म्हणतो, तुमची पट्टी त्यावर ठोकून देतो, कोण बघतंय. मी पट्टी दिलेली नाही. ती गाडीच्या कप्प्यात आहे, त्याच डबीत. मुंबईच्या माणसाकडून फोटो मागवलेत. पैसे अजून पाठवलेले नाहीत.