बुडापेस्ट: प्लॉट 301 ला जाणार असाल तर

प्लॉट 301 म्हणजे बुडापेस्टच्या नव्या सार्वजनिक दफनभूमीतला तो कोपरा, जिथे 1956 च्या उठावातले पंतप्रधान इम्रे नॉज पुरलेले आहेत. 'ट्राममधून उतरलात की पाच मिनिटांवर' असं हॉटेलवाल्याने सांगितलं होतं. हे साफ खोटं आहे. ब्लाहा लुइझा चौकातून निघणारी 28 नंबरची ट्राम नव्या सार्वजनिक दफनभूमीच्या फाटकाशी सोडते, तेवढं खरं. पण प्लॉट 301 आत अगदी टोकाला, दोन किलोमीटरहून जास्त लांब आहे. रस्ता सपाट आहे, दम लागत नाही, पण भर दुपारी तो संपता संपत नाही. सकाळीच निघा आणि पाणी जवळ ठेवा.

परतताना पाय बोलायला लागले, म्हणून फाटकाबाहेर उभी असलेली गाडी केली. मीटर नाही, उतरल्यावर तोंडाला येईल तो आकडा. बुडापेस्टच्या अधिकृत टॅक्स्या पिवळ्या असतात, त्यांचे दर ठरलेले असतात. दुसऱ्या गाडीत पाऊलही ठेवू नका. अजून चीड येते.

तरीही जाच. हंगेरीतला कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचा 1956 चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर पंतप्रधान इम्रे नॉज यांना 16 जून 1958 रोजी फाशी दिली. त्यांच्याच सरकारात मंत्री असलेले यानोश कादार तोवर मॉस्कोच्या पाठिंब्याने सत्तेवर बसले होते. नॉज यांना आधी तुरुंगाच्या आवारात पुरलं. मग 1961 मध्ये गुपचूप इथे आणलं, पालथं आणि खोट्या नावाने. घरच्यांनासुद्धा थडगं माहीत नव्हतं. बरोबर 31 वर्षांनी, 16 जून 1989 ला, हीरोज स्क्वेअरमध्ये सहा शवपेट्या मांडल्या गेल्या, पाच नॉज आणि त्यांच्या साथीदारांच्या. सहावी रिकामी होती, उठावात गेलेल्या अनाम लोकांसाठी. त्यानंतर याच प्लॉटमध्ये सन्मानाने दफन झालं. सत्ता एवढी का घाबरली होती, ते तिथले कोरीव लाकडी स्मृतिखांब बघताना कळतं. मी तिथून हलूच शकत नव्हतो.

आन्द्राशी रस्त्यावरचं 60 नंबरचं 'टेरर हाऊस' हे संग्रहालय सोमवारी बंद असतं. कम्युनिस्ट हुकूमशहा राकोशीच्या काळात गुप्त पोलिसांचा अड्डा इथेच होता, तळघरात कोठड्या आहेत. ते बघाच. पण त्याआधी याच इमारतीत हंगेरियन नाझींचं, म्हणजे ॲरो क्रॉसचं मुख्यालय होतं आणि त्यांच्या वाट्याला फार थोडी जागा दिली आहे. हे मला पटलं नाही. मेमेंटो पार्कमध्ये शहरातून उचललेले कम्युनिस्ट काळातले जुने पुतळे ठेवलेत. वेळ कमी असेल तर तो खुशाल गाळा.

त्यापेक्षा केरेपेशी दफनभूमीत जा. केलेती स्टेशनपासून चालत जाता येतं. 32 वर्षं कम्युनिस्ट पक्ष हातात ठेवणारे कादार इथे आहेत. 6 जुलै 1989 ला ते वारले आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नॉज यांना निर्दोष ठरवलं. 2007 मध्ये कादारची कबर फोडून कवटी चोरली गेली. दोन्ही दफनभूमी एकाच दिवशी होतात, मात्र प्लॉट 301 आधी करा. उलट क्रम लावलात तर ती लांबलचक वाट थकलेल्या पायांनी तुडवावी लागेल.