खोल्या किती काढायच्या ते विहीर ठरवते

गेटवर बांबूचं कुंपण, 'इको' लिहिलेली लाकडी पाटी आणि मागच्या बाजूला ओळीने एसीची युनिटं घोंघावतायत, असं एक तरी रिसॉर्ट हल्ली कोकणात प्रत्येक बीचवर दिसतं. त्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, पण फोनवर लोक विचारतात ना की "तुमचं इकोफ्रेंडली आहे म्हणजे नक्की काय हो?", तर म्हटलं एकदा लिहूनच टाकू. उत्तर जरा कंटाळवाणं आहे कारण ते बांबूपासून सुरू होत नाही, विहिरीपासून होतं.

आमची वाडी गुहागरला. पुढे रस्ता, मागे समुद्र, मध्ये माड-पोफळींचा लांबलचक पट्टा आणि त्यातच आमच्या तीन कॉटेजेस. पाऊस म्हणाल तर चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या कौलांवरूनच तीन लाख लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येतं. मग पाणी कमी कसं? तर जमीन वाळूची, पडलेलं टिकत नाही, आणि विहिरीत जे गोडं पाणी आहे ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतंय. एप्रिल-मेमध्ये पंप जरा जास्त वेळ चालला की खालचं खारं वर यायला लागतं, चहा मचूळ लागतो. माड एकवेळ चालवून घेईल पण पोफळीला खारं पाणी अजिबात सोसत नाही. त्यामुळे सासऱ्यांनी पहिल्यापासून सांगून ठेवलंय, "आधी पोफळी, मग पाहुणे."

आता हिशोब बघा. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. सुट्टीवर आलेला माणूस समुद्रात दोनदा जातो, दोनदा आंघोळ करतो, मुलांच्या अंगावरची वाळू वेगळी. बारा माणसं असली की दोन हजार लिटर कुठेच गेले नाहीत. म्हणून तीनवर थांबलो. चौथीला जागा आहे, कर्ज पण मिळेल, पाणी कुठून आणू? एका काकूंनी मला सांगितलं, "अगं मग टँकर मागव की!" काकू, टँकर पण कुणाच्या तरी विहिरीवरच भरतो ना.

पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडतो, ते जिरतं. मागच्या फाटकाला एक नळ ठेवलाय, वाळू तिथेच धुवायची, ते पाणी थेट माडाच्या आळ्यात. बाथरूममध्ये शॉवर आहे पण बादली-तांब्या पण आहे, आणि गंमत म्हणजे वयस्कर पाहुणे बादलीच घेतात. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो, बादलीत वीस लिटरमध्ये माणूस स्वच्छ होतो.

न्हाणीचं पाणी पूर्वीपासून परसातल्या केळींना जायचंच, आम्ही मध्ये खडी आणि कर्दळीचा वाफा घातला एवढंच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेचं सांडपाणी शुद्ध करायचं फायटोरिड तंत्रही अशाच तत्त्वावर चालतं, मुळं आणि खडीतले जीवाणू घाण खातात. पण सेप्टिक टँक हा खरा विषय आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. वाळूत सगळं भराभर झिरपतं म्हणून शोषखड्डा विहिरीपासून लांब, पन्नास फुटांच्या पलीकडे घेतला. शिवाय संडासात ऍसिड आणि फिनेल बंद. टाकीतले जीवाणूच मेले तर घाण कुजणार कशी? आमच्या मावशींना हे पटायला वेळ लागला, फिनेलचा वास नाही म्हणजे साफ केलंच नाही असं त्यांचं म्हणणं, आणि पाहुण्यांचंही तेच! आता ब्रश, सोडा आणि लिंबूसत्त्व.

चादरी पांढऱ्या नाहीत हे बरेच जण विचारतात. पांढरी चादर म्हणजे ब्लीच आलंच, आणि आमसुलाच्या सारचा एक थेंब पडला की संपलं. चौकटीच्या सुती चादरी आहेत. जुलैमध्ये पडवीत दोऱ्या बांधून वाळवतो, हाताला कोरडी लागते पण नाकाला लावली की कुबट वास, मग परत दोरीवर, मग बंबाच्या खोलीत. त्यामुळे पावसाळ्यात दोन बुकिंगमध्ये एक दिवस मोकळा ठेवतो. धंद्याच्या दृष्टीने वेडेपणा आहे, माहितेय.

त्या बंबात सोडणं जाळतो, नारळाची, वाडीत ढीग पडलेला असतो. धूर होतो थोडा, नाही असं नाही. पावसाळ्यात सोलर हीटर नुसता शोभेला असतो. सोलर पॅनल आहेत, तीन किलोवॅटचे, उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिटपर्यंत देतात पण खाऱ्या हवेने स्टँडचं लोखंड खाल्लं की तो खर्च कुठल्याच जाहिरातीत नसतो. आणि एसी? एका कॉटेजला आहे. उकाड्यापेक्षा इथे घामाचा त्रास, लहान बाळ किंवा आजीआजोबा असतील तर मी नाही म्हणू शकत नाही. त्याला वेगळा मीटर, युनिटप्रमाणे पैसे. फुकट असला की खिडक्या उघड्या टाकून चालवतात, पैसे लागले की रात्री दोनला बंद होतो.

प्लास्टिकचं फार सांगत नाही, राज्यात 2018 पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लास्टिकवर बंदी आहे, पण बाटल्या येतातच. खोलीत माठ आणि काचेच्या बाटल्या. जेवण केळीच्या पानावर, कागदी प्लेट नको कारण तिच्या आतल्या चकचकीत थरात बऱ्याचदा प्लास्टिकच असतं. मासळीचं धुवण आणि काटे माडाला.

समुद्राच्या बाजूचे दिवे मात्र आठनंतर बंद, यावर वाद नाही. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, दीडेक महिन्यानंतर पिल्लं निघतात ती उजेडाच्या दिशेने पळतात, समुद्र सोडून लॉनकडे. 'बीच व्ह्यू लायटिंग' हवं असणाऱ्यांनी दुसरीकडे बघा, राग नाही.

एप्रिलपासून विहिरीत दोरी सोडून पाणी मोजतो. खुणेच्या खाली गेलं की एक कॉटेज बंद, आणि मेच्या शेवटी कधीकधी तिन्ही. ज्यांना मेमध्येच यायचंय त्यांनी आधी फोन करा, ऍडव्हान्स लगेच पाठवू नका. पाऊस लागला की परत सुरू, तेव्हा येणार असाल तर छत्री नको, रेनकोट आणा, इथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते.