श्वासाचा हिशेब

आमच्याकडे सकाळच्या चहाआधी आईच्या बोटाला सुई टोचली जाते. पट्टीवर थेंबभर रक्त, क्षणभर शांतता, मग आकडा. तो जास्त आला की काल लग्नात जिलबी कुणी वाढली याची चौकशी सुरू. या यंत्राचा मूळपुरुष साखरेच्या नव्हे, फुफ्फुसाच्या नादी लागलेला माणूस होता हे कळल्यापासून मी त्या पट्टीकडे जरा आदराने पाहतो.

लेलँड क्लार्क त्याचं नाव. 1918 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरला जन्मला आणि पुढे ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज या छोट्याशा गावी संशोधन करू लागला. त्याला यंत्राचं फुफ्फुस हवं होतं. हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना रक्त बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, पुन्हा शरीरात पाठवायचं. ऐकायला सोपं! पण रक्तात वायू सोडला की फेस येतो, आणि त्यातला बुडबुडा मेंदूत पोचला तर कारभार आटोपला. फेस मोडायला त्याने सिलिकोन वापरलं. ते जमलं, लेख लिहिला, आणि तो साभार परत आला असं सांगतात. कारण काय, तर बाहेर पडणाऱ्या रक्तात प्राणवायू किती आहे, हे मोजलेलंच नव्हतं.

असल्या संपादकाला आपण चार शिव्या हासडल्या असत्या. क्लार्क मोजायचं साधन करायला बसला.

प्लॅटिनमच्या तारेला विजेचा हलकासा दाब दिला की आसपासचा प्राणवायू तिच्यावर खर्ची पडतो आणि तेवढ्या प्रमाणात विद्युतप्रवाह वाहतो, हे आधीपासून ठाऊक होतं. घोडं अडत होतं ते रक्तापाशी. त्यातली प्रथिनं तारेवर बसत आणि आकडा भरकटे. 1954च्या ऑक्टोबरात क्लार्कने प्लॅटिनम आणि त्याची जोडीदार चांदी, दोन्ही पॉलिथीनच्या एकाच पातळ पडद्याआड घातली. खिडकीला जाळी मारावी तसं झालं: वारा आत, माशा बाहेर. मला या सगळ्या गोष्टीत हा पडदाच सर्वांत आवडतो. तार तीच, वीज तीच, फक्त कुणाला आत घ्यायचं ते ठरलं. आयसीयूत डॉक्टर ‘एबीजी पाठवा’ म्हणतात, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू तपासायला सांगतात, तेव्हा प्राणवायूचा आकडा काढणाऱ्या यंत्रांत बहुतेक ठिकाणी याच घराण्यातला इलेक्ट्रोड, म्हणजे अशी पडद्याआडची तार, असते.

साखर आली ती 1962 मध्ये. ग्लुकोजचं विघटन करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, आणि ते काम करताना प्राणवायू वापरतं. क्लार्क आणि लायन्स यांनी ते विकर इलेक्ट्रोडपाशी आणून बसवलं. प्राणवायू जितका घटला तितकी साखर! आताच्या पट्ट्या प्राणवायूवर अवलंबून नसतात, पण विकर आणि इलेक्ट्रोड यांचा संसार अजून चालू आहे.

दुसरा कुणी इथे थांबून मानसन्मान मोजत बसला असता. याचं मन फुफ्फुसातच. फ्लोरोकार्बन नावाचे काही द्रव स्वतःच्या निम्म्या आकारमानाएवढा प्राणवायू विरघळवून घेतात. 1966 साली क्लार्क आणि फ्रँक गोलान यांनी अशा द्रवात उंदीर चक्क बुडवले, आणि उंदीर त्यातच श्वास घेत राहिले. प्राणवायू मिळतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं जड जातं. शिवाय हा द्रव पाण्याच्या पावणेदोनपट वजनाचा, छातीने तो ढकलायचा तरी किती? 1989 मध्ये फिलाडेल्फियात अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर द्रवश्वसनाचा प्रयोग झाला. मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांत मात्र फायदा दिसला नाही, आणि तो उपचार काही रोजच्या वापरात आला नाही.

क्लार्क 2005 साली गेला. एका माणसाने तीन वेड्या गोष्टी केल्या आणि त्यातल्या दोन जगभर चालल्या, हा हिशेब मला तरी भरपूर वाटतो. उंदरांचं मत कुणी विचारलं नव्हतं. ते जगले की नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवलं.